सातवाहनकालीन महाराष्ट्रातील 'यवन' दाते : शिलालेखांच्या आधारे एक पुनर्विचार

प्रस्तावना

महाविद्यालयीन अभ्यासक्रमात प्राचीन ग्रीकांचा इतिहास बहुधा 'जगाचा इतिहास' या सदरात शिकविला जातो. अथेन्सची लोकशाही, स्पार्टाची लष्करी शिस्त, सॉक्रेटिस, प्लेटो व ॲरिस्टॉटल यांची गुरुशिष्यपरंपरा आणि शेवटी सिकंदराची स्वारी असा त्याचा ठरलेला क्रम असतो. इ.स.पू. ३२६ मध्ये सिकंदराचे सैन्य बियास नदीवरून माघारी फिरते आणि त्याबरोबरच ग्रीक लोकही आपल्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीआड होतात. पुढील घटकात सातवाहनांचा इतिहास सुरू होतो, तेव्हा या दोन घटकांचा परस्परांशी काही संबंध असावा असे विद्यार्थ्याला वाटत नाही. क्वचित शिक्षकालाही वाटत नाही.

वस्तुतः हा संबंध महाराष्ट्राच्या डोंगरांत कोरून ठेवलेला आहे. कार्ले, जुन्नर आणि नाशिक येथील बौद्ध लेण्यांत स्वतःला 'यवन' किंवा 'योनक' म्हणविणाऱ्या दात्यांचे शिलालेख आहेत. त्यांनी स्तंभ दिले, पाण्याची टाकी खोदविली, भिक्षूंसाठी भोजनमंडप बांधविला, एकाने तर संपूर्ण लेणे खोदवून संघाला अर्पण केले. हे लेख गेल्या शतकाहून अधिक काळ अभ्यासकांना परिचित आहेत. तरीही त्यांतील 'यवन' या एका शब्दाचा अर्थ लावताना आपली आजही गफलत होते.

प्रस्तुत लेखकाला या विषयाकडे वळविणारा प्रसंग वर्गातलाच आहे. कार्ल्याच्या स्तंभलेखांचे वाचन चालू असताना प्रथम वर्षाच्या एका विद्यार्थ्याने प्रामाणिकपणे विचारले, "सर, सातवाहनांच्या काळात मुसलमान कुठून आले?" प्रश्न ऐकून वर्गात हशा पिकला. परंतु त्या विद्यार्थ्याची चूक नव्हती. बखरींतून आणि त्यांवर पोसलेल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांतून मराठी वाचकाला 'यवन' हा शब्द याच अर्थाने परिचित झालेला आहे. शब्द तोच राहिला, अर्थ बदलला आणि जुना अर्थ विस्मरणात गेला. हा गोंधळ दूर करणे इतिहासाच्या शिक्षकाचे काम आहे, आणि ते केवळ शब्दकोश उघडून होणारे नाही.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत शोधनिबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.

१) 'यवन' या शब्दाच्या अर्थाची जडणघडण थोडक्यात स्पष्ट करणे.
२) पश्चिम किनाऱ्यावरील बंदरे व सह्याद्रीतील लेणी यांच्या संदर्भात यवन दात्यांचे स्थान निश्चित करणे.
३) या दात्यांची नावे भारतीय का आहेत, या प्रश्नावरील मतांची छाननी करणे.
४) राजप्रशस्तीतील यवन आणि दानलेखातील यवन यांची तुलना करणे.

यासाठी प्रकाशित शिलालेख, ग्रीक भाषेतील प्रवास व भूगोलविषयक ग्रंथ, नाणी आणि उत्खननातील अवशेष या साधनांचा आधार घेतला आहे. मांडणी वर्णनात्मक व तौलनिक पद्धतीची आहे.

'यवन' शब्दाची वाटचाल

आशिया मायनरच्या पश्चिम किनाऱ्यावर राहणाऱ्या आयोनियन ग्रीकांच्या नावावरून इराणी लोकांनी सर्वच ग्रीकांना 'यौन' म्हणण्यास सुरुवात केली. अकिमेनिड साम्राज्यामार्फत हा शब्द भारताच्या वायव्य सीमेवर पोहोचला. संस्कृतात तो 'यवन' आणि प्राकृतात 'योन' किंवा 'योनक' असा रुळला. पाणिनीच्या अष्टाध्यायीत 'यवन' शब्द आढळतो आणि त्यापासून बनणारे 'यवनानी' हे रूप यवनांच्या लिपीसाठी वापरावे, असे स्पष्टीकरण पुढे कात्यायनाने दिले. याचा अर्थ ग्रीकांची पहिली ओळख येथील वैयाकरणांना लिपीच्या रूपाने होती, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

अशोकाच्या तेराव्या शिलालेखात अंतियोक, तुरमाय, अंतिकिनी, मक आणि अलिकसुदर या पाच ग्रीक राजांचा उल्लेख येतो. येथे 'योन' म्हणजे निःसंशय ग्रीक होत. परंतु त्याच अशोकाच्या काळातील दुसरा पुरावा वेगळी दिशा दाखवितो. रुद्रदामनाच्या इ.स. १५० च्या सुमाराच्या जुनागढ येथील लेखात सुदर्शन तलावाचा पूर्वेतिहास सांगताना, अशोकाच्या वतीने 'यवनराज तुषास्फ' याने तलावाचे कालवे काढल्याचे म्हटले आहे. तुषास्फ हे नाव ग्रीक नसून इराणी वळणाचे आहे. म्हणजे रुद्रदामनाच्या दरबारात तरी 'यवन' ही संज्ञा काटेकोर वांशिक अर्थाने वापरली जात नव्हती. वायव्येकडून आलेला, त्या मुलखाच्या चालीरीतींचा माणूस, असा सैल अर्थ तिला प्राप्त झाला होता. पुढे अनेक शतकांनी पश्चिमेकडून आलेल्या अरब व तुर्कांना हीच संज्ञा लावली गेली आणि उत्तर मध्ययुगीन मराठीत ती मुसलमान या अर्थी स्थिर झाली. प्रत्येक टप्प्यावर शब्दाचा अर्थ वापरणाऱ्याच्या दृष्टीने ठरला आहे, म्हणून प्रत्येक लेख त्याच्या काळात ठेवून वाचणे क्रमप्राप्त ठरते.

सोपारा : अपरांताचे द्वार

मुंबईच्या उपनगरांतील अध्यापकाला या इतिहासाचा पहिला धागा अगदी जवळ सापडतो. बोरिवलीहून लोकलने साधारण अर्ध्या तासात नालासोपारा येते. हेच प्राचीन शूर्पारक होय. येथे पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ मध्ये अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. त्याच वर्षी त्यांनी 'बुरूड राजाचा कोट' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या टेकाडाचे उत्खनन करून तेथील स्तूप व त्यातील धातुकरंडक उजेडात आणला. नवव्या लेखाचा तुकडा १९५६ मध्ये जवळच्या भुईगाव येथे सापडला. चौदा लेखांपैकी दोहोंचे अंश मिळाल्याने येथे संपूर्ण मालिका कोरलेली असावी, असे अनुमान करण्यात येते.

अशोकाच्या पाचव्या लेखात योन, कंबोज, गंधार, रठिक, पेतेनिक आणि इतर अपरांतवासी यांचा एकत्र निर्देश आहे. तेथील 'अपरांत' हा शब्द व्यापक अर्थाने पश्चिम सीमेवरील लोकांसाठी आलेला असला, तरी उत्तर कोकणाचे विशेषनाम म्हणून तोच पुढे रूढ झाला. सिंहली 'महावंस' या ग्रंथातील परंपरेनुसार, पाटलिपुत्र येथील तिसऱ्या संगीतीनंतर धर्मप्रसारासाठी निरनिराळ्या प्रदेशांत भिक्षू पाठविण्यात आले. त्यांपैकी अपरांतात आलेल्या भिक्षूचे नाव 'योन धम्मरक्खित' असे दिलेले आहे. महारट्ठाकडे गेलेला भिक्षू वेगळा, योनांच्या देशात गेलेला वेगळा. महावंस हा घटनेनंतर अनेक शतकांनी रचलेला ग्रंथ आहे आणि त्यातील अनुयायांचे आकडे अतिशयोक्त आहेत, हे मान्य करूनही एक गोष्ट उरते. उत्तर कोकणात बौद्ध धर्म आणणारा पहिला उपदेशक यवन होता, असे स्मरण बौद्ध परंपरेने जपले. आणि ते जपताना तिला त्यात काही वावगे वाटले नाही.

बंदरे, घाट आणि लेणी

इ.स.च्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने लिहिलेला 'पेरिप्लस' हा ग्रंथ या किनाऱ्याचे जणू व्यवहारी टिपण आहे. लेखक इजिप्तमधील असावा. त्यात बारिगाझा म्हणजे भरुच, सुप्पारा म्हणजे सोपारा, कल्लिएना म्हणजे कल्याण आणि सेमिल्ला म्हणजे चौल ही बंदरे ओळीने येतात. घाटमाथ्यावरील पैठण आणि तगर म्हणजे तेर येथून गोमेदासारखे दगड व सुती कापड गाड्यांतून भरुचला येत असे. उलट दिशेने द्राक्षमद्य, तांबे, कथील, शिसे, पोवळे, काच आणि सोन्याचांदीची नाणी येत.

याच ग्रंथात कल्याणविषयी एक महत्त्वाची नोंद आहे. थोरल्या सरगनस राजाच्या काळात हे अधिकृत व्यापारी बंदर होते; परंतु सँदनेस याने त्यावर ताबा मिळविल्यापासून तेथील व्यापाराला अडथळे आले आणि चुकून तेथे शिरणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भरुचला नेली जात. सातवाहन व क्षहरात क्षत्रप यांच्यातील संघर्षाचे पडसाद या नोंदीत उमटले आहेत, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. त्या संघर्षाची झळ समुद्रावरच्या परक्या खलाशालाही लागत होती.

बंदरावर उतरलेला माल थळ घाट, नाणेघाट आणि बोरघाट या वाटांनी वर चढत असे. या वाटांच्या तोंडाशी अनुक्रमे नाशिक, जुन्नर आणि कार्ले येथील लेणी आहेत. यवनांचे दानलेख नेमके याच तीन ठिकाणी आढळावेत, हा योगायोग म्हणता येणार नाही.

भौतिक अवशेषांचा पुरावा मात्र सावधपणे वापरावा लागतो. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी येथे मिळालेली समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती कोल्हापूरच्या संग्रहालयात आहे. तिचे भूमध्य सागरी मूळ सर्वमान्य आहे. परंतु वस्तूचा प्रवास म्हणजे तिच्या निर्मात्याचा प्रवास नव्हे. ती मूर्ती अनेक हातांतून येथे पोहोचली असेल. द्राक्षमद्याच्या दुहेरी मुठींच्या कुंभांबाबतही असेच घडले. पश्चिम भारतातील अनेक स्थळांवरील असे खापर पूर्वी सरसकट रोमन समजले जात असे. रोबर्टा टॉम्बर यांनी केलेल्या फेरतपासणीत त्यांपैकी बरेचसे इराकच्या परिसरातील रांजणांचे असल्याचे स्पष्ट झाले. समुद्रमार्गे चालणारा व्यापार केवळ ग्रीक-रोमन नव्हता, हे यावरून ध्यानात येते.

यवनांचे दानलेख

कार्ले येथील चैत्यगृह हे भारतातील सर्वांत भव्य चैत्यगृहांपैकी एक आहे. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने जंबुद्वीपातील हे उत्तम शैलगृह पूर्ण केल्याचे तेथील लेखात म्हटले आहे. परंतु आतील स्तंभ निरनिराळ्या दात्यांनी दिलेले आहेत. त्यांत 'धेनुकाकट' या गावच्या लोकांची संख्या लक्षणीय आहे. या गावाचे स्थान कोणते, यावर दामोदर धर्मानंद कोसंबी यांच्यापासून अनेकांनी लिहिले, तथापि एकमत झालेले नाही. धेनुकाकटच्या यवनांची नावे सिहधय, धम्म, यसवधन, चुलयख, धमधय अशी आहेत. संस्कृतात ती सिंहध्वज, धर्म, यशोवर्धन, क्षुद्रयक्ष आणि धर्मध्वज अशी होतील.

जुन्नर येथे तीन यवन दाते आहेत. गतांपैकी इरिल याने दोन पोढी म्हणजे पाण्याची टाकी दिली. गतांपैकीच चिट याने संघाला भोजनमंडप दिला. तिसरा चंद, याने लेण्याचा दर्शनी भाग करविला. 'गत' हा शब्द युरोपातील गॉथ लोकांचा वाचक असावा, असे स्टेन कोनो यांनी सुचविले होते. पण ही सूचना सर्वमान्य झाली नाही. इरिल हे नाव मात्र भारतीय भाषांतून सहज उलगडत नाही.

नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावरील सतरावे लेणे 'योनक' इंद्राग्निदत्ताचे आहे. तो स्वतःला उत्तरेकडील, दत्तामित्रीचा रहिवासी आणि धम्मदेवाचा पुत्र म्हणवितो. आपल्या आईवडिलांसाठी आणि सर्व बुद्धांच्या पूजेसाठी, धम्मरक्खित या पुत्रासह त्याने हे लेणे, आतील चैत्यगृह व पाण्याची टाकी चारही दिशांच्या भिक्षुसंघाला अर्पण केली. दत्तामित्री या नगराचा संबंध डिमिट्रिअस या ग्रीक राजाच्या नावाशी जोडला जातो. आजोबा धम्मदेव, पिता इंद्राग्निदत्त आणि नातू धम्मरक्खित अशी तीन पिढ्यांची नावे येथे मिळतात. तिन्ही भारतीय आहेत. त्यांपैकी इंद्र आणि अग्नी हे तर वैदिक देव होत. तरीही हे कुटुंब 'योनक' आहे, आणि ते तसे सांगण्यास संकोचत नाही.

भारतीय नावांचे कोडे

ही तिन्ही स्थळे एकत्र ठेवली असता मूळ प्रश्न उभा राहतो. नाव भारतीय, भाषा प्राकृत, लिपी ब्राह्मी, धर्म बौद्ध. मग 'यवन' म्हणजे नेमके काय? विदिशेजवळ बेसनगर येथील गरुडस्तंभावर तक्षशिलेच्या अंतलिकित राजाचा दूत हेलिओदोर स्वतःला भागवत म्हणवितो, पण आपले ग्रीक नाव सोडत नाही. कार्ल्याचे यवन त्याच्याहून निराळे दिसतात.

या कोड्याची तीन प्रमुख उत्तरे दिली गेली आहेत. पहिले उत्तर असे की, बौद्ध धर्म स्वीकारताना ग्रीकांनी नवी नावे घेतली. धम्म या पदाने सुरू होणारी नावे या मताला पुष्टी देतात. परंतु इंद्राग्निदत्त किंवा क्षुद्रयक्ष यांचे स्पष्टीकरण त्याने होत नाही. दुसरे उत्तर डब्ल्यू. डब्ल्यू. टार्न यांनी १९३८ मध्ये मांडले. त्यांच्या मते हे दाते ग्रीक नगरांचे नागरिकत्व मिळालेले भारतीय होते. या मतात ग्रीक नगरसंस्थेचा विस्तार गृहीत धरला आहे. महाराष्ट्रातील लेखांत नागरिकत्वाचा मागमूस नाही. अवध किशोर नारायण यांनी १९५७ मध्ये इंडो-ग्रीकांचा इतिहास भारतीय इतिहासाचा भाग म्हणून मांडला आणि टार्न यांच्या एकंदर भूमिकेला आव्हान दिले. तिसरे उत्तर असे की, येथे पिढ्यानुपिढ्या राहिलेल्या, समुद्र व वायव्येच्या व्यापाराशी निगडित असलेल्या एका समुदायाची ती ओळख होती.

प्रस्तुत लेखकाला तिसरे उत्तर अधिक ग्राह्य वाटते. त्यासाठी कार्ल्याच्या लेखांच्या वाक्यरचनेकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. तेथील लेखांचा साचा ठरलेला आहे : प्रथम गाव, नंतर ओळख, नंतर नाव आणि शेवटी दान. धेनुकाकटच्याच सिहदत नावाच्या दात्याची ओळख 'गंधिक' म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी अशी आहे. सामी हा 'वढकि' म्हणजे सुतार आहे. एक स्तंभ 'वणियगामा'चा म्हणजे व्यापाऱ्यांच्या संघटनेचा आहे. सोपाऱ्याच्या सतिमिताची ओळख त्याच्या धम्मुत्तरीय या बौद्ध निकायावरून दिलेली आहे. 'यवन' हा शब्द नेमका याच जागी येतो. गंधिक, वढकि, यवन या सर्व गावात कोण कोणता, हे सांगणाऱ्या खुणा आहेत. त्या परकेपणा नोंदविण्यासाठी नसून ओळख पटविण्यासाठी आहेत. शिवाय दात्याचे गाव म्हणून धेनुकाकटच सांगितले आहे; समुद्रापलीकडचे एखादे नगर सांगितलेले नाही. यवनांनी दिलेले स्तंभही इतरांच्या स्तंभांसारखेच आहेत. गुडघे टेकलेले हत्ती व त्यांवरील स्वार तेथेही आहेत. ग्रीक धाटणीचा स्तंभ कोणी घडविला नाही.

या मताला अलीकडे समुद्रापलीकडून पाठबळ मिळाले आहे. येमेनच्या दक्षिणेस असलेल्या सोकोत्रा बेटावरील होक गुहेत भारतीय खलाशांनी कोरलेले सुमारे दोनशे ब्राह्मी लेख सापडले. इंगो स्ट्राउख यांनी ते २०१२ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांत चंद्रभूतिमुख नावाचा एक 'यवन' आहे. भारतीय नाव आणि ब्राह्मी अक्षरे यांसह तो अरबी समुद्रातील गुहेत आपली ओळख यवन म्हणून नोंदवितो. प्रवासाची उलट दिशाही स्पष्ट होत आहे. इजिप्तमधील बेरेनिके या बंदरात २०२२ मध्ये बुद्धमूर्ती मिळाली. तेथेच सातवाहनांची नाणी व संस्कृत लेख मिळाल्याचे २०२३ मध्ये जाहीर झाले. यवन इकडे येत होते, तसे येथील लोकही तिकडे वस्ती करून होते.

एकच डोंगर, दोन लेख

आता प्रशस्तीकडे वळू. नाशिकच्या त्याच त्रिरश्मी डोंगरावरील तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा सुप्रसिद्ध लेख आहे. पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षात कोरलेल्या या लेखात तिने आपला पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी याचा गौरव 'सक-यवन-पल्हव-निसूदन' म्हणजे शक, यवन आणि पह्लव यांचा संहारक असा केला आहे. त्याने चातुर्वर्ण्याचा संकर थांबविला, असेही म्हटले आहे. या लेण्यापासून थोडे चालत गेले की इंद्राग्निदत्त योनकाचे लेणे लागते. दोन्ही लेण्यांच्या काळात काही अंतर असेल. परंतु दोन्ही दाने एकाच ठिकाणच्या भिक्षुसंघाला दिलेली आहेत आणि दोन्ही लेख पुढील शतकांत शेजारी शेजारी नांदले. यवनांच्या संहारकाची प्रशस्ती कोरली गेली म्हणून योनकाचा लेख कोणी खरवडून काढला नाही.

प्रशस्ती खोटी आहे, असे म्हणण्याचा येथे हेतू नाही. नहपानाचा पराभव ही ऐतिहासिक घटना आहे. नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे १९०६ मध्ये सापडलेल्या नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांपैकी नऊ हजारांवर नाणी गौतमीपुत्राने आपल्या चिन्हांनी पुन्हा ठोकलेली आहेत. परंतु हीच नाणी दुसरीही कथा सांगतात. नहपानाच्या नाण्यांवर राजाचा मुखवटा आहे आणि त्याभोवती त्याचे प्राकृत नाव ग्रीक अक्षरांत लिहिलेले आहे. पेरिप्लसकार सांगतो की, अपोलोडोटस व मिनँडर यांची जुनी ग्रीक नाणी भरुचमध्ये त्याच्या काळातही चालत होती. त्या नाण्यांची परंपरा क्षत्रपांनी उचलली आणि क्षत्रपांची परंपरा पुढे सातवाहनांनी चांदीच्या मुखवटाधारी नाण्यांसाठी स्वीकारली. सोपाऱ्याच्या स्तूपात यज्ञश्री सातकर्णीचे असे नाणे मिळाले. ज्यांचा संहार केल्याचे प्रशस्ती सांगते, त्यांच्या टाकसाळीचा वारसा राजघराण्याने सांभाळला.

वर्णसंकराच्या विधानालाही असाच छेद जातो, आणि तो देणारा लेख बोरिवलीच्या कान्हेरी लेण्यांत आहे. पाण्याच्या टाक्यावरील या खंडित संस्कृत लेखात वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी ही एका महाक्षत्रपाची कन्या असल्याचे नमूद आहे. त्या महाक्षत्रपाच्या नावाचे 'रु' एवढेच आद्याक्षर शिल्लक असून तो रुद्रदामन असावा, असे मानले जाते. शकांच्या संहारकाच्या घराण्यात शकांची कन्या सून म्हणून आली होती. प्रशस्ती राजाची इच्छा आणि राजसभेची भाषा सांगते. दानलेख, नाणी आणि विवाहसंबंध प्रत्यक्ष व्यवहार सांगतात. दोन्ही साधने खरी आहेत, पण त्यांचे प्रश्न निराळे आहेत. केवळ प्रशस्ती वाचणाऱ्याला यवन फक्त शत्रू दिसतो.

भाषेतील अवशेष

ग्रीकांचा आणखी एक अवशेष आपण रोज वापरतो. ज्योतिषातील 'केंद्र' हा शब्द ग्रीक 'केंत्रोन'वरून आला. 'होरा' आणि 'जामित्र' हेही त्याच मार्गाने आले. या देवघेवीचा प्रमुख ग्रंथ म्हणजे स्फुजिध्वजाचे 'यवनजातक'. डेव्हिड पिंग्री यांनी १९७८ मध्ये त्याची प्रत संपादित करून तो इ.स. २६९-७० मध्ये रचला गेल्याचे प्रतिपादन केले. बिल माक यांनी २०१३ मध्ये नेपाळमधील हस्तलिखिताच्या आधारे हे कालनिश्चितीचे वाचन सदोष ठरविले. ग्रंथाचा काळ वादग्रस्त असला, तरी शब्दांचे मूळ वादग्रस्त नाही. तसेच ग्रीक 'द्राख्मे' या नाण्याच्या नावावरून 'द्रम्म' आणि त्यावरून 'दाम' हा शब्द आला. उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या लेखांत द्रम्मांचे व्यवहार आहेत. आज परीक्षा केंद्रावर काम करणारा किंवा दामदुपटीची भाषा बोलणारा मराठी माणूस नकळत या इतिहासाचा वारसदार आहे.

निष्कर्ष

१) सातवाहनकालीन 'यवन' ही संज्ञा ग्रीकांपासून सुरू झाली असली, तरी ती शुद्ध वांशिक राहिलेली नव्हती. मध्ययुगीन मराठीतील अर्थ तिच्यावर लादणे कालविपर्यास ठरेल.
२) यवनांचे दानलेख सोपारा, कल्याण व चौल या बंदरांना देशाशी जोडणाऱ्या घाटवाटांवर आढळतात. व्यापार व संघ यांच्या परस्परसंबंधातून ते समजून घेता येतात.
३) कार्ल्याच्या लेखांत 'यवन' हा शब्द व्यवसाय किंवा निकाय दर्शविणाऱ्या शब्दांच्याच जागी येतो. तो स्थानिक समाजातील एका गटाची ओळख सांगतो.
४) राजप्रशस्तीतील शत्रू यवन आणि दानलेखातील उपासक यवन हे एकाच समाजाचे दोन पैलू आहेत. एकाच्या आधारे दुसरा नाकारता येत नाही.

समारोप

या विषयावरील लेखनात दोन टोके दिसतात. वसाहतकालीन काही अभ्यासकांना येथील प्रत्येक चांगल्या गोष्टीमागे ग्रीक हात दिसला. त्याची प्रतिक्रिया म्हणून काहींनी ग्रीकांचे येथील अस्तित्वच किरकोळ ठरविले. धेनुकाकटच्या सिहधयाला या दोन्ही टोकांशी कर्तव्य नव्हते. त्याने आपल्या गावचे नाव सांगितले, आपण यवन असल्याचे सांगितले आणि एक स्तंभ दिला. यवन असणे आणि धेनुकाकटचा असणे या दोन गोष्टींत त्याला विरोध वाटला नाही. लेख कोरणाऱ्यालाही वाटला नाही. आज कोण कुठला आणि कोण उपरा, या प्रश्नावर आपल्या वर्गांतही आवाज चढतात, तेव्हा ही साधी नोंद विद्यार्थ्यांसमोर ठेवणे अगत्याचे वाटते. तिच्यातून आजच्या प्रश्नांची तयार उत्तरे मिळणार नाहीत. परंतु प्रश्न विचारण्याची घाई तरी कमी होईल.

शेवटी सहअध्यापकांसाठी एक व्यावहारिक सूचना. उपनगरांतील महाविद्यालयांच्या सहली कान्हेरीला नेहमी जातात, पण टाक्यावरील लेखापाशी क्वचितच थांबतात. शोभना गोखले यांनी कान्हेरीच्या लेखांचे वाचन १९९१ मध्ये ग्रंथरूपाने उपलब्ध करून दिले आहे. ते हाती घेऊन विद्यार्थ्यांना एक लेख जरी प्रत्यक्ष वाचून दाखविला, आणि ग्रीकांचा घटक अथेन्सऐवजी एकदा सोपाऱ्यापासून शिकविण्यास आरंभ केला, तर वर उल्लेखिलेला प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्याला त्याचे उत्तर दगडावरच वाचता येईल. ऊन-पावसाने ही अक्षरे दरवर्षी थोडी अधिक पुसट होत आहेत, म्हणून हे काम लांबणीवर टाकणे योग्य नाही.